पहिली चीर

मोठ्या दुखण्याला आपल्या समाजात एक दर्जा असतो. ज्याला विषमज्वर झाला किंवा ज्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली, त्याच्या घरी आप्तेष्ट फळांच्या पिशव्या घेऊन रुजू होतात, त्याच्या प्रकृतीचे वर्तमान गल्लीच्या टोकापर्यंत रोज पोहोचते, आणि बरा झाल्यावर त्या दुखण्याची हकिगत सविस्तर सांगण्याचा तहहयात हक्क त्याला विनातक्रार मिळतो. उलट ज्याचे बोट विळीवर कापले, ज्याच्या टाचेत खिळा गेला किंवा ज्याच्या मनगटावर फोडणीचे तेल उडाले, त्याच्या वाट्याला एक ओझरता सुस्कारा आणि त्याच्या पाठोपाठ ‘लक्ष कुठे होतं?’ एवढा सवाल, इतकेच येते. घरातल्या किरकोळ इजेची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. पट्टी निघाली की ती सर्वांच्या, आणि बहुधा जखमीच्याही, विस्मरणात जाते. अशा इजेला किरकोळ म्हणण्याइतके निश्चिंत आपण केव्हापासून झालो, आणि ही निश्चिंती आपल्याला कोणी मिळवून दिली, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. मला तो पडला तो एका भोपळ्यामुळे.

अखंड भोपळ्याला पहिली चीर बाईमाणसाने देऊ नये, ती घरातल्या पुरुषाने द्यावी, अशी रीत महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांतून अद्याप चालत आली आहे. देवीपुढे पशुबळीऐवजी कोहळा कापण्याची जी वहिवाट आहे तिच्याशी या रीतीचा संबंध जाणते लोक जोडतात, आणि तो खोटा असण्याचे कारण नाही. तथापि जून लाल भोपळ्याची साल ज्याने एकदा विळीवर घेतली आहे, त्याला या धर्माज्ञेच्या मुळाशी कोणा दूरदर्शी गृहिणीची मसलत असावी अशी शंका आल्याखेरीज राहत नाही. स्वयंपाकघराच्या एकूण कारभारापैकी ही एवढी एकच कामगिरी, आणि तीही नेमकी सर्वांत जोखमीची, पुरुषाच्या नावावर चढवून ठेवायची आणि वर तिला मानाचे स्वरूप द्यायचे, यात जी मुत्सद्देगिरी आहे ती पेशव्यांच्या दरबारातही नित्य आढळत नसावी.

त्या रविवारी घारग्यांचा बेत होता, आणि परंपरेच्या हुकुमाप्रमाणे मला पाचारण झाले. विळीच्या पाटावर पाय रोवून मी भोपळा दोन्ही हातांनी पात्यावर दाबला. पाते निम्म्यापर्यंत गेले आणि अडले. जोर वाढवला तरी ते अडूनच राहिले. आणि मग आतली पोकळी लागताच सारा प्रतिकार एका क्षणात संपून भोपळ्याची दोन शकले दोन दिशांना गेली, आणि डाव्या हाताचा तळवा, अंगठ्याच्या मुळाशी ज्या जागेला सामुद्रिक जाणणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात नेमक्या त्याच जागी, पात्यावर जाऊन टेकला. वेदना नंतर जाणवली. रक्तही क्षणभर थांबून आले. सर्वांत आधी दिसली ती दुभंगलेल्या कातडीची पांढरी कड.

रक्त पाहताच जी धावाधाव झाली तीत तीन वैद्यकसंप्रदाय एकाच वेळी स्वयंपाकघरात हजर झाले. आमच्याकडे राहणाऱ्या आत्याने मिसळणाचा डबा उघडून “अरे, हळद चेप आधी, भरपूर चेप,” असा आग्रह मांडला. आवाज ऐकून आलेल्या शेजारच्या काकूंनी कॉफीच्या पुडीची शिफारस केली, कारण त्यांच्या माहेरी सर्व जखमा त्याच पुडीने बऱ्या होत आल्या होत्या. आणि चिरंजीव “बाबा, काही लावू नका, नुसतं नळाखाली धरा,” असे म्हणून मला मोरीकडे ओढू लागले. या वादात पत्नीने भाग घेतला नाही. तिने वाहत्या पाण्याखाली हात धुऊन घेतला, धुतलेल्या पंच्याची घडी जखमेवर ठेवून ती घट्ट दाबली, “अहो, हात वर धरा,” एवढेच सांगितले, आणि दर अर्ध्या मिनिटाला घडी उचलून रक्त थांबले की नाही ते पाहण्याचा जो मोह अशा वेळी सर्वांना होतो तो कोणालाही होऊ दिला नाही. रक्तातल्या सूक्ष्म बिंबिका फाटलेल्या वाहिनीच्या तोंडाशी गोळा होऊन त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे विणले जाण्यास काही अवधी लागतो, आणि सारखे उघडून पाहणारा मनुष्य ते जाळे प्रत्येक वेळी आपल्या हाताने मोडतो. दहा मिनिटे न पाहता दाबून धरणे हा प्रथमोपचारातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मिळ उपाय आहे.

आत्याच्या हळदीची बाजू मात्र दुबळी नव्हती, आणि तिने ती रिक्षा येईपर्यंत लढवली. हळदीसाठी या देशाने परदेशात दाद मागितलेली आहे. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला रीतसर हरकत घेतली, जुन्या ग्रंथांतले आधार पुराव्यादाखल रुजू केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करवून घेतले. त्या वेळी घरोघरच्या आत्यांना जो अभिमान वाटला तो सर्वथैव रास्त होता. परंतु या निकालाने शाबीत झाले ते इतकेच, की हा उपचार नवा नाही आणि म्हणून त्यावर कोणाला मालकी सांगता येणार नाही. मसाल्याच्या डब्यातली, नाना चमचे फिरलेली हळद खोल जखमेत ठासून भरावी असा त्याचा अर्थ नव्हता. खरचटलेल्या ढोपरावर जे खपून जाते ते टाके घालण्याजोग्या जखमेत अडचण होऊन बसते, कारण डॉक्टरांना ती पूड आधी कणाकणाने धुऊन काढावी लागते. आत्याला मी हे त्या दिवशी सांगितले नाही. जखमी मनुष्याने वाद घालू नये हेच बरे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो, सबब आम्ही एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागात दाखल झालो. तिथे प्रथम गाठ पडते ती केसपेपरच्या खिडकीशी. कारकुनाने मान वर न करता नाव, वय, पत्ता विचारून घेतला आणि त्याच सुरात “कशानं लागलं?” असे विचारले. “विळीनं,” मी म्हणालो. यावर त्याने मान वर केली, माझ्याकडे पाहिले, मग हातातली पिशवी सावरीत शेजारी उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे पाहिले, आणि आवाज किंचित खाली आणून विचारले, “मारामारी की अपघात?” अशा विभागात रोज काय काय येत असेल याची कल्पना असल्याने मला त्या प्रश्नाचा राग आला नाही, उलट ज्या घरांतल्या जखमा अपघात म्हणून सांगितल्या जातात पण अपघात नसतात, त्या घरांतल्या बायकांना हा प्रश्न कोणीतरी आवाज खाली आणून विचारावा हे योग्यच आहे. अखेर जबानी पुरी झाली: हत्यार विळी, ठिकाण राहते घर, कारण अपघात. भोपळ्याचा उल्लेख कोणत्या रकान्यात करावा ते न सुचल्याने तो वगळण्यात आला, आणि प्रकरणातला मुख्य आरोपी अशा रीतीने कागदोपत्री निर्दोष सुटला.

आतल्या खोलीत असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी जखमेकडे पाहण्याआधी अंगठ्याकडे पाहिले. “काका, अंगठा वाकवा. आता करंगळीला टेकवून दाखवा. इथं हात लावलेला कळतोय? आणि इथं?” मला वाटले होते की जखमेचे गांभीर्य रक्तावरून ठरते, त्यांच्या लेखी रक्त ही दुय्यम बाब होती. त्या उंचवट्यातल्या स्नायूंना चालवणारी एक बारीक नस तिथे कातडीच्या फारशी खाली नसते, आणि ती तुटली तर अंगठा बोटांसमोर येण्याची आपली शक्ती गमावतो. म्हणजे लेखणी धरणे, सदऱ्याचे बटण लावणे, घास उचलणे, अशा ज्या क्रियांवर मनुष्याचे मनुष्यपण उभे आहे त्या सर्वच बंद पडतात. माझा अंगठा करंगळीपर्यंत पोहोचला. त्या “छान” म्हणाल्या, आणि तो शब्द मला कोणत्याही परीक्षेच्या निकालापेक्षा अधिक मोलाचा वाटला.

त्यानंतर त्यांनी जखम धुतली, आणि ती इतका वेळ धुतली की टाके घालण्याचे काम त्या मानाने अल्पकाळाचे वाटले. धुण्याआधी भोवताली बधिर करणारे औषध टोचले होते. हे औषध १९४३ साली स्वीडनमधल्या निल्स लॉफग्रेन या रसायनज्ञाने सिद्ध केले. त्यापूर्वीच्या पिढ्यांनी इतर, अधिक धोक्याच्या औषधांवर भागवले, आणि त्याही पूर्वीच्या पिढ्यांनी दात आवळण्यावर. मला फक्त दोरा ओढला जात असल्याचे कळत होते. तो काळा दोरा वरखाली जाताना पाहून माझ्या मनात सुश्रुताचे स्मरण झाले, आणि ते काही केवळ पांडित्यप्रदर्शनासाठी झाले नाही. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले आणि शिष्याने प्रत्येकाचा सराव कशावर करावा तेही नेमून दिले. शिवण्याचा सराव करायचा तो वस्त्राच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. आणि कापण्याचा सराव कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशा फळांवर! म्हणजे आमच्या घरी त्या सकाळी जे चालले होते तो प्राचीन भारतातल्या शल्यविद्यालयाचा पहिला पाठ होता. जखम शिवण्याचे धागेही त्याने सांगितले आहेत: तागाचे, अळशीचे, केसांचे, गुळवेलीचे, आणि ज्याची पाने आपण दसऱ्याला सोने म्हणून वाटतो त्या आपट्याच्या सालीचे. परंतु या सर्वांहून मला मोठी वाटली ती त्याची एक ताकीद. धूळ, केस, नख, हाडाचा सुटा तुकडा असे काहीही आत राहिले असता जखम शिवू नये, ती आधी निर्मळ करावी, नाहीतर ती पिकून मोठा उपद्रव करते, असे त्याने बजावले आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र नव्हते, जंतूंचे नाव कोणाच्या कानावर नव्हते, तरी निरीक्षणाच्या बळावर हा मनुष्य ज्या निर्णयाला आला त्याच निर्णयाची अंमलबजावणी समोरच्या बाई सलाईनच्या पिचकारीने करीत होत्या.

टाके संपल्यावर त्यांनी विचारले, “धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत?”

या साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, पत्नीला देता आले नाही, आणि पुढे मी कुतूहलाने ज्या ज्या सुशिक्षित मित्रांना तो विचारला त्यांपैकी बहुतेकांना देता आले नाही. आपल्या मोटारीच्या विम्याची मुदत ज्याला तोंडपाठ असते त्या गृहस्थाला ही मुदत ठाऊक नसते. “पण विळी गंजलेली नव्हती,” मी म्हणालो. त्यावर त्या हसल्या. गंजाचा आणि या रोगाचा जो संबंध आपण सर्वांनी बालपणापासून मानला आहे तो आडवळणाचा आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या, विशेषतः घोड्याच्या, शेणालिदीत वास करतात. प्रतिकूल काळात ते कवचबद्ध बीजरूपाने वर्षानुवर्षे टिकून राहतात. आणि जिथे हवा पोहोचत नाही अशा खोल जागी त्यांना अंकुर फुटतो. गंजका खिळा मातीत पडलेला असतो आणि खोल घुसतो म्हणून तो बदनाम झाला. मातीतून उपटलेली भाजी चिरणारी लखलखीत विळीही तितकीच संशयास्पद असते.

इजा क्षुल्लक असते या समजुतीचा पाया किती अलीकडचा आहे हे पाहायचे असेल तर फार मागे जावे लागत नाही. १८४२ सालच्या जानेवारीत अमेरिकेतल्या काँकर्ड गावी जॉन थोरो नावाच्या एका तरुणाचे बोट दाढीच्या वस्तऱ्याला धार लावताना जरासे कापले. जखम इतकी लहान होती की त्याने ती चिंधीने बांधून टाकली. थोड्याच दिवसांत त्याचा जबडा आवळला, शरीर धनुष्याप्रमाणे वाकू लागले, आणि ज्याच्या सविनय कायदेभंगाच्या विचाराने पुढे महात्मा गांधींना आधार दिला त्या धाकट्या भावाच्या, हेन्री थोरोच्या, बाहूंत त्याने प्राण सोडला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १८४७ साली, व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात याकोब कोलेच्का या वैद्याचे बोट शवविच्छेदनाच्या वेळी एका विद्यार्थ्याच्या सुरीने चिरले गेले आणि तोही मरण पावला. मात्र त्याचा मित्र इग्नाझ सेमेलवाइस याने त्या मृत्यूचा कागद न् कागद वाचला, बाळंतज्वराने मरणाऱ्या स्त्रियांच्या लक्षणांशी त्याचे साम्य ओळखले, आणि प्रसूतिकक्षात शिरण्यापूर्वी चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिलमध्ये तिथे शंभरांतल्या अठरा बाळंतिणी दगावत होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनांवर आले. एका चिरलेल्या बोटाने इतक्या मातांचे प्राण वाचवले, हे ज्याला ठाऊक आहे त्याने बोटाच्या जखमेला कमी लेखू नये.

धनुर्वाताचे कोडे सुटण्यास आणखी काही वर्षे लागली. शिबासाबुरो कितासातो या जपानी पंडिताने १८८९ साली बर्लिनमध्ये हा जंतू प्रथम शुद्ध स्वरूपात वाढवून दाखवला, आणि पुढल्याच वर्षी त्याने व एमिल फॉन बेरिंगने असे सिद्ध केले की या जंतूच्या विषाची मात्रा क्रमाक्रमाने पचवलेल्या प्राण्याच्या रक्तात त्या विषाचा उतारा तयार होतो. मग तो उतारा मोठ्या प्रमाणावर काढण्यासाठी घोडे पाळले गेले. आपल्याकडेही परळच्या हाफकिन संस्थेने पिंपरीला घोड्यांची पागा राखली. ज्या प्राण्याच्या लिदीत या रोगाचे बीज, त्याच प्राण्याच्या रक्तात त्याचे औषध सापडावे, हा निसर्गाचा न्याय विलक्षण खरा. पुढे १९२० नंतरच्या दशकात फ्रान्समधल्या गास्तों रामों या संशोधकाने विषाचे विषपण काढून घेऊन त्याची लस करण्याची युक्ती रूढ केली, आणि आज दंडावर जी सुई टोचली जाते ती त्या युक्तीची संतती आहे.

आपल्या घरांपुरते बोलायचे तर या सुईचे सर्वांत मोठे ऋण आहे ते बाळंतिणीच्या खोलीत. विळ्याने किंवा हाती लागेल त्या पात्याने नाळ कापायची आणि बेंबीवर राख किंवा शेण लावायचे, हा प्रघात खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि दूध ओढणारे मूल पहिल्या एकदोन आठवड्यांतच एकाएकी तोंड उघडेनासे होऊन, ताठरून गेले, की त्याचा दोष सटवीच्या माथी मारला जाई. सटवीच्या नावावर जमा झालेल्या त्या मृत्यूंपैकी कितीतरी या एका जंतूचे असले पाहिजेत. गरोदरपणी मातेला दिलेली लस आणि नाळेसाठी स्वच्छ पाते, एवढ्या दोन गोष्टींनी हे चित्र पालटले, आणि २०१५ साली माता व नवजात अर्भके यांच्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. निर्मूलन या शब्दाची इथली मर्यादा मात्र ध्यानात घेतली पाहिजे: प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे नवजात धनुर्वाताचा एकही पुरा रोगी भरू नये, इतकाच त्याचा अर्थ आहे. देवी हा रोग पृथ्वीवरून गेला तसा हा जाणार नाही, कारण त्याचे ठाणे माणसात नसून मातीत आहे.

माझी जखम यथाकाल भरली. डाव्या हाताला पट्टी असेपर्यंत उजवा हात जी कामे आपल्या एकट्याच्या पराक्रमाची समजत होता त्यांतली निम्मी डाव्याच्या मूक सहकार्याने होत असत हे उघडकीस आले, आणि आत्याने रोज सकाळी पट्टीकडे पाहून हळद लावली असती तर हे केव्हाच बरे झाले असते असे मत नोंदवले. टाके काढताना डॉक्टरीणबाईंनी सांगितले की व्रणाची जागा महिनोन्‌महिने घट्ट होत राहते, पण मूळ कातडीच्या बळाच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे ती कधी जात नाही. घारगे त्या रविवारी झालेच. उरलेला भोपळा पत्नीने चिरला, आणि पहिली चीर पुरुषाने दिलेली असल्याने त्यात शास्त्राचा भंगही झाला नाही.

घरातली जखम स्वभावतः लहान नसते. थोरोच्या घरी ती लहान नव्हती, आपल्या पणजीच्या बाळंतिणीच्या खोलीत ती लहान नव्हती. साबणाने, उकळलेल्या पाण्याने, सुश्रुताच्या ताकिदीने, सेमेलवाइसच्या हट्टाने आणि पिंपरीच्या घोड्यांनी मिळून ती लहान केली आहे, आणि ती लहान ठेवण्याचे काम आता आपल्याकडे आहे. इतर पुष्कळ साथींत शेजाऱ्यांनी लस घेतली तर त्यांच्या आडोशाने आपलाही बचाव होतो. धनुर्वात माणसापासून माणसाला होत नाही, म्हणून इथे कोणाचा आडोसा कोणाला मिळत नाही, ज्याची लस त्यालाच पुरते. बालपणीच्या लसीचा प्रभावही कायम टिकत नाही. दर दहा वर्षांनी तिची उजळणी व्हावी असा वैद्यकाचा संकेत आहे, आणि जखम मळकी व खोल असेल तर पाच वर्षांनंतरच ती करून घ्यावी लागते. तेव्हा वाचकहो, आपले धनुर्वाताचे शेवटचे इंजेक्शन केव्हा झाले ते आठवून पाहा. आठवले तर तारीख औषधांच्या पेटीच्या झाकणावर लिहून ठेवा, आणि आठवले नाही तर पुढच्या भोपळ्याची वाट न पाहता या आठवड्यातच दवाखान्यात जाऊन ते घेऊन या.